बिघडलेले वस्त्र कोणी अंगावर घालावे?

नित्याच्या वापराचे कपडे घरच्या घरी शिवावे की शिंप्याकडे द्यावे, हा प्रश्न नीतीचा नव्हे, केवळ सुईदोऱ्याचा व पैसाअडक्याचा आहे, असे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु दोन वर्षे हा उद्योग करून पाहिल्यावर, व त्यात आमच्या हातून एक गोष्ट घडल्यावर, ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडून बसला आहे असे आमच्या ध्यानात आले. आपल्या हातून जे बिघडले त्याचा धनी कोण, हा तो प्रश्न होय. त्याचाच विचार येथे कर्तव्य आहे. पण आधी शिवणाची हकीगत सांगितली पाहिजे, नाही तर प्रश्न अधांतरी राहील.

आमच्या मातोश्रींचे पायाने चालविण्याचे एक जुने शिवणयंत्र माळ्यावर पडले होते. वीज केव्हा येईल व केव्हा जाईल ह्याचा आमच्या दर्यापूर तालुक्यात नेम नसल्यामुळे पायाचे यंत्रच बरे, असा विचार करून आम्ही ते खाली काढले, तेल घातले, नवा पट्टा लावला. सदऱ्याची शिलाई आता बहुतेक कापडाच्या किमतीइतकीच होऊ लागली आहे. घरात माणसे पाच. तेव्हा काटकसर हेच कारण प्रथम होते, ते लपविण्यात अर्थ नाही. पुढे त्यात गोडी लागली, आणि गोडीच्या मागोमाग थोडा अभिमानही आला.

सरळ शिवणीची कामे लवकर साधली. उशांचे अभ्रे, परकर, लहान मुलांची झबली, लेंगा, ही कामे कोणासही महिन्या-दोन महिन्यांत येण्यासारखी आहेत. परकराला नेफा घालून नाडी ओवली की झाले. त्यात माप थोडे चुकले तरी नाडी ते झाकून घेते. लेंग्याचे आसन मात्र पहिल्या खेपेस इतके आखूड झाले की, घालून खाली बसताच ते टर्रकन उसवले. आम्ही त्या वेळी एका वडील बंधूंच्या ओसरीवर सतरंजीवर बसत होतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

कापड भिजविल्यावाचून कापू नये, हा धडा आम्हांस दोन सदरे घालवून मिळाला. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आमच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी असे की साबणास फेस येत नाही व कपडा दगडावर अधिक आपटावा लागतो. पहिला सदरा शिवला तेव्हा तो अंगास चोख बसला. एका आठवड्याने बाह्या मनगटाच्या वर चढल्या. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये असा जो दृष्टांत शुभवर्तमानात आहे, त्याचा अर्थ आम्ही सेमिनरीत ग्रंथांवरून शिकलो होतो व अनेक वेळा इतरांस शिकविलाही होता. पण कोरे ठिगळ आटते आणि भोवतालचे जुने कापड ओढून फाडते, ही त्यातली साधी व्यवहाराची गोष्ट आम्हांस यंत्रावर बसल्यावर कळली. ज्या बाया तो दृष्टांत खाली बसून ऐकत होत्या, त्यांस ती आधीपासून ठाऊक असणार.

आता मुख्य हकीगत. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आम्ही स्वतःसाठी निळ्या रेघांच्या कापडाचा एक सदरा बेतला. कापड चांगले होते, भिजवूनही घेतले होते. परंतु गळा कापताना खडूची रेघ सोडून कातर बाहेर गेली व गळा तीन बोटे मोठा झाला. त्यातून दुसरी चूक झाली. बाही मुंढ्याला जोडताना पुढची बाजू अधिक खोल व मागची कमी खोल असावी लागते. आम्ही दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. जोडून पाहतो तो उजवा हात वर करताच सगळा सदरा काखेतून ओढला जाई. दोन सायंकाळी खटपट केली, मग कंटाळून तो खुंटीवर टांगला. पंधरा दिवसांनी आमच्या मनात एक विचार आला, आणि त्या वेळी तो आम्हांस चांगला वाटला. मंडळीतील एक बाई शेतमजुरी करतात. त्यांचे यजमान कामासाठी परजिल्ह्यात असतात. त्यांच्या घरी हा सदरा द्यावा, कोणाच्या तरी अंगास येईलच. कापड कोरे, शिवण पक्की, वाया कशास घालवावे? तसा तो दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

पुढच्या रविवारी उपासनेस त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा तो सदरा घालून आला. नवे वस्त्र म्हणून आईने त्याला घातले असावे. गीताच्या वेळी सर्व मंडळी उभी राहिली, तेव्हा गळा त्याच्या एका खांद्यावरून खाली घसरला. मागच्या रांगेतील मुले हसली. त्याने डाव्या मुठीत गळा धरला आणि गीत संपेपर्यंत, नव्हे उपासना संपेपर्यंत, तो तसाच धरून उभा राहिला व बसला. आम्ही समोर उभे होतो. त्या दिवशी आम्ही काय उपदेश केला ते आम्हांस आता आठवत नाही. ती मूठ आठवते.

आमच्या मनाने आमच्या बाजूने वकिली केली, ती येथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तीच वकिली दुसऱ्यांच्या मनातही चालत असेल. पहिला मुद्दा असा की, काहीच नसण्यापेक्षा वाकडे वस्त्र बरे. हा मुद्दा नागव्या मनुष्याविषयी खरा आहे. पण तो मुलगा नागवा नव्हता. त्याच्याजवळ अंगास बसणारा जुना सदरा होता. नवा आला म्हणून तो त्याने घरी ठेवला. आमच्या देणगीने त्याचे वस्त्र वाढले नाही, उलट त्या दिवसापुरते कमी झाले. दुसरा मुद्दा असा की, जुने कपडे देण्याची रीत सर्वत्र आहे. मोठ्या भावाचे धाकट्यास, चुलत्याचे पुतण्यास, असे कपडे घरोघर उतरत जातात व त्यात कोणासही कमीपणा वाटत नाही. हे खरेच आहे. पण जुना कपडा म्हणजे अंगावर वागविलेला कपडा. तो देणारा असे म्हणतो की, हा मी वापरला, आता तू वापर. बिघडलेला कपडा देणारा मनातल्या मनात म्हणतो की, हा मला घालवत नाही, तू घाल. ह्या दोन वाक्यांत फार अंतर आहे, व घेणाऱ्यास ते न सांगता समजते.

ह्यावर एका मित्राने आम्हांस गाडगेबाबांचे उदाहरण घातले. बाबा तर आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. 1876 मध्ये शेणगाव येथे जन्मले व 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. अंगावर चिंध्यांचे जोडलेले वस्त्र, हाती खराटा व फुटके गाडगे; लोक त्यांस गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. मित्राचे म्हणणे असे की, इतका मोठा मनुष्य चिंध्या पांघरून हिंडला, तर वाकड्या गळ्याचे एवढे काय घेऊन बसलात? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला. बाबांनी चिंध्या स्वतः घेतल्या व दुसऱ्यांसाठी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी चांगल्या धर्मशाळा बांधविल्या. आम्ही चांगले सदरे स्वतःस ठेवले व चिंधी दुसऱ्यास दिली. उदाहरण आमच्या बाजूचे नसून आमच्या विरुद्ध साक्ष देते.

पवित्र शास्त्रात शिवणाऱ्या दोन बाया आम्हांस ह्यानिमित्ताने पुन्हा भेटल्या. यापोची टबीथा मेली तेव्हा विधवा तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवीत रडत उभ्या राहिल्या. ती वस्त्रे तिच्या घरची उरलीसुरली होती असे तेथे लिहिलेले नाही. ती तिने त्यांच्यात असताना केलेली होती. दुसरी हन्ना. ती दरवर्षी आपल्या शमुवेलासाठी लहान झगा करून नेत असे. मूल दूर शिलो येथे, भेट वर्षातून एकदा, आणि मूल तर वाढते. माप कशावरून घेत असेल? मागल्या वर्षाच्या आठवणीवरून, शेजारच्या त्याच वयाच्या पोरावरून, आणि थोडे अधिक कापड सोडून. ज्याने कधी दुसऱ्यासाठी कापड कापले आहे त्यास हे वाचताना थांबावेच लागते. कित्येक वर्षी बाह्या लांब झाल्या असतील. तरी तो झगा पहिल्या टाक्यापासून शमुवेलाचाच होता. आमचा सदरा पहिल्या टाक्यापासून आमचा होता, तो बिघडल्यावर त्या मुलाचा झाला.

ही चूक आम्ही एकट्यानेच केली असे नाही. 2024-25 ह्या शालेय वर्षी महाराष्ट्र सरकारने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांस एकाच प्रकारचा गणवेश देण्याचे ठरविले. कापड एका ठिकाणी मापाने कापून गावोगावच्या महिला बचत गटांकडे शिवण्यास पाठविले गेले. हेतू चांगला होता, बायांस कामही मिळाले. परंतु गणवेश उशिरा आले, व कित्येक ठिकाणी ते मुलांच्या अंगास बसेनात, अशा तक्रारी आल्या. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. शिवणाऱ्या बायांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या हाती कापलेले कापड आले, मूल आले नाही. मूल समोर उभे केल्यावाचून त्याचे माप घेता येत नाही, ही गोष्ट सरकारास व आम्हांस सारखीच महाग पडली.

येथे कोणी विचारील की, मग घरी शिवण्याचा नादच कशाला? शिंप्याचे काम शिंप्याने करावे, त्याच्या पोटावर पाय का द्यावा? हा प्रश्न जुना आहे. फ्रान्स देशात बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या एका शिंप्यानेच 1830 मध्ये शिवणयंत्राची सनद मिळविली व पॅरिस येथे सैनिकांचे कपडे त्यावर शिवू लागला. 1831 मध्ये आपले पोट जाईल ह्या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडून टाकली. आमच्याकडे गांधीजी यंत्रांविषयी फार साशंक असत, तरी 1924 मध्ये एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्रास अपवाद मानले. पत्नी टाके घालून थकते हे पाहून सिंगर ह्याने प्रेमापोटी ते शोधले, असे त्यांनी सांगितले. गोष्ट गोड आहे. सिंगराने 1851 मध्ये सनद घेतली व त्याची कंपनी हप्त्यांनी यंत्रे विकून धनाढ्य झाली, इतके निश्चित. पत्नीप्रेमाचा भाग त्याच्या चरित्राशी फारसा जुळत नाही. पण ज्या घरी आई रात्री कंदिलाच्या उजेडात हाताने टाके घालीत असे, त्या घरास ती गोष्ट खरीच वाटणार.

आम्ही हा प्रश्न सरळ दर्यापूरच्या बाजारातील एका वृद्ध शिंप्यापुढे ठेवला. मुंढा कसा कापावा हे आम्हांस त्यांनीच फुकट दाखविले होते. ते हसून म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा एक सदरा गेल्यानं माहं पोट मरते काय? पोट मारलं ते त्या टांगलेल्या मालानं." आणि समोरच्या दुकानाकडे बोट केले. तेथे तयार कपड्यांच्या रांगा दोरीवर झुलत होत्या, शिलाईपेक्षाही कमी दामात. पी. एम. विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये निघाली, तीत 18 धंद्यांत शिंपीही आहे, प्रशिक्षण व अवजारांसाठी साहाय्य आहे. त्यांच्या मुलाने अर्ज केला आहे. पण अवजार मिळाले म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे नव्हे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस खोडता आले नाही.

त्या स्वस्त मालाची एक बाजू आपल्या दृष्टीआड राहते. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तीत कपडे शिवण्याचे कारखाने होते. 1,100 हून अधिक माणसे मेली, त्यांत बायाच पुष्कळ. आदल्या दिवशी भिंतीस तडे दिसले होते, तरी त्यांस कामावर बोलाविण्यात आले. कोणत्या सदऱ्यात कोणाचा श्वास गेला हे दोरीवर टांगलेल्या कपड्यावरून कळत नाही. आम्ही हे लिहून कोणासही तयार कपडा घेण्यास मना करीत नाही. दिवसाच्या मजुरीवर घर चालविणाऱ्यास दुसरा मार्ग कोणता? एवढेच की, घरी एक सदरा पूर्ण शिवला म्हणजे त्यात किती वेळ, किती मान मोडणे, किती डोळे ताणणे आहे हे कळते, आणि मग शंभर-दीडशे रुपयांत तो कसा मिळतो असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

विचार करायचाच तर वऱ्हाडात तो अधिक करावा लागतो, कारण कापूस आपला. एक क्विंटल कापूस पिंजला-रेचला म्हणजे त्यातून सुमारे एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. एका सदऱ्यास अडीच मीटर कापड, म्हणजे पाव किलोच्या थोडे वर सूत लागते. कातण्या-विणण्यातील घट धरली तरी एका क्विंटलात शंभराच्या आसपास सदरे होतात. 2025-26 च्या हंगामास लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे 8,110 रुपये ठरला. म्हणजे एका सदऱ्यात कास्तकाराचा वाटा उणापुरा 80 रुपये, तोही हमीभाव पदरात पडला तर. पूर्वी ही रुई नागपुरास 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत जाई. ती मिलही 2002 मध्ये बंद झाली. आता अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे मोठे वस्त्रोद्यान व्हावयाचे आहे, त्याची कोनशिला 20 सप्टेंबर 2024 रोजी बसली. होईल तेव्हा पाहू. सध्या आपल्या वावरातला कापूस जगभर फिरून येतो आणि आपलेच लेकरू मापात न बसणारा सदरा मुठीत धरून उभे राहते.

असो. त्या सदऱ्याचे पुढे काय झाले ते सांगणे राहिले. सुमारे महिन्याने त्या बाई आमच्या घरी आल्या. सदरा धुऊन, घडी घालून आणला होता. म्हणाल्या, "पोरगं घालत नाही जी. तुमच्याच मापाचा हाय, तुम्हीच घाला." आम्ही उलगडून पाहिला. खालच्या दुमडीतून चिंचोळी पट्टी काढून त्यांनी गळा आत घेतला होता, हाताच्या टाक्यांनी, इतक्या बारीक की आमच्या यंत्रास लाज वाटावी. उजवी बाही उसवून पुन्हा लावली होती. आम्ही विचारले, दोन्ही बाह्या तर एकाच बाजूच्या होत्या, नवे कापड कोठून आणले? त्या जरा थांबल्या. पाळकास शिकवावे की नाही असा त्यांस संकोच पडला असावा. मग म्हणाल्या, "कापडाले उलटंसुलटं हाय कुठं? दोन्हीकडून रेघ सारखी. शिवण उसवली, बाही पालथी घातली, झाली उजवीची."

आम्ही तो घालून पाहिला. हात वर केला, काखेत ओढ नव्हती.

दुष्काळात आश्रयास आलेल्या मुलींस पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनात अन्नवस्त्र दिलेच, पण विणकाम व शिवणकामही शिकविले, हे आम्ही किती तरी वेळा सभांतून सांगितले आहे. ह्या बाईंस सुई धरता येते काय, हे मात्र आम्ही त्यांस चौदा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. गावातील निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या आहेत, हे आमच्या पत्नीस ठाऊक होते, आम्हांस नव्हते. त्यांस शिलाई विचारली तेव्हा त्या प्रथम नको म्हणाल्या. मग आम्ही आग्रह धरल्यावर त्यांनी आकडा सांगितला, आणि तो शिंप्याच्या आकड्याहून कमी नव्हता. आम्ही दिला.

मुलाविषयी आम्ही त्यांची परवानगी मागितली. त्याचे माप घेऊन त्याच्यासाठी एक सदरा शिवावा, कापड त्यानेच निवडावे, अशी आमची इच्छा होती. बाजाराच्या दिवशी तो आमच्याबरोबर दर्यापुरास आला. कापडाच्या दुकानी आम्ही चार-पाच ठाणे उलगडावयास लावले. तो पाहत राहिला, मान हलवीत राहिला, काही बोलेना. शेवटी दुकानाबाहेर आल्यावर त्याने समोरच्या दोरीवरील एक तयार शर्ट दाखविला, छातीवर मोठे चित्र छापलेला, आणि विचारले, "तो घेतला तर चालते काय?" आम्ही त्यास तो घालून पाहावयास सांगितले. खांदा बरोबर बसला, गळाही बसला. पलीकडे आपल्या दुकानाच्या पायरीवर ते वृद्ध शिंपी बसले होते, त्यांनी आम्हांस पैसे देताना पाहिले व हात वर करून नमस्कार केला. मुलगा शर्ट काढीना. तसाच घालून घरी आला.